तळाचे दोन कप्पे आणि माळ्यावरचे कपाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागायला आता फार दिवस उरलेले नाहीत. नगरपालिका गटारे उपसत आहेत, महावितरणची माणसे तारांवरच्या फांद्या छाटत आहेत, कौलारू घरांची कौले परतून झाली आहेत. नदीकाठच्या गावांतल्या सार्वजनिक वाचनालयांनीही याच दिवसांत काही कामे उरकायला हवीत. कोकणातल्या खाडीकाठच्या आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या वाचनालयांनी येत्या पंधरवड्यात काय करावे, आणि पाणी शिरलेच तर पहिल्या दोन दिवसांत काय करावे, हे जमेल तितके नेमके सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडची वाचनालये किती जुनी आहेत याची आठवण आधी करून देतो, कारण वाचवायचे काय हे त्यावरच ठरते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वेच्याही २५ वर्षे आधीचे. अहमदनगरचे १८३८, नाशिकचे १८४०, पुण्याचे १८४८, कोल्हापूरचे १८५० आणि सावंतवाडीचे १८५२ चे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय ही दोन्ही १८६४ ची. यांतल्या कित्येकांचे पहिले नाव ‘नेटिव्ह लायब्ररी’ किंवा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे होते. ‘नगर वाचन मंदिर’, ‘टिळक स्मारक’ ही नावे नंतरची. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड हे वर्ग, अनुदान आणि तपासणी ही व्यवस्था त्यातून आली. थोडक्यात, ही व्यवस्था येण्याआधी शंभर वर्षे मुख्यतः गावकऱ्यांच्या वर्गणीवर जो संग्रह उभा राहिला, तो या इमारतींत आहे.

आज लहान गावातले वाचनालय म्हणजे सकाळ-संध्याकाळ उघडा असलेला वृत्तपत्रांचा मुक्तद्वार कक्ष, घरी पुस्तके नेण्याची देवघेव, बालविभाग, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आणि दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी. महापुरानंतर या सेवा महिन्याभरात पुन्हा उभ्या करता येतात. कादंबऱ्या पुन्हा विकत मिळतात, लोक भेटही देतात. पण वाचनालयाची आणखी एक सेवा आहे, ती कोणी मागेपर्यंत दिसत नाही. कोणाला शंभर वर्षांपूर्वीच्या नगरपालिका निवडणुकीतले उमेदवार हवे असतात. कोणाला बंदरात शेवटचे गलबत कधी लागले ते शोधायचे असते. एखाद्या शाळेला आपल्या स्थापनेची बातमी हवी असते. ती बातमी गावातल्या छापखान्यात छापलेल्या साप्ताहिकाच्या बांधीव फाइलीतच सापडते.

अशा फाइलीची दुसरी प्रत बहुधा नसते. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक झाले, १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रेही आली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाचे पुस्तक बुडाले तरी कुठे तरी त्याची प्रत असण्याची आशा असते. त्याआधीची तालुक्याची साप्ताहिके, नगरपालिकेचे जुने वार्षिक अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, स्थानिक नाट्यमंडळाची हस्तपत्रके, शिळाप्रेसवरच्या पोथ्या आणि वाचनालयाची स्वतःची इतिवृत्ते यांना ती आशा नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत चिपळूणच्या वाचन मंदिरात पाणी शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले. तिन्ही वेळा हजारो पुस्तके गेल्याचे लोकांनी हळहळून सांगितले. त्या हजारांत पुन्हा न मिळणारी किती होती, हा आकडा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे.

सगळे ग्रंथालय हलवू, असे ठरवणाऱ्या मंडळींनी एकदा हिशेब मांडावा. दहा माणसांची साखळी केली, हातातून हातात चार-चार पुस्तके दिली आणि दर नऊ-दहा सेकंदांना एक गठ्ठा पुढे गेला, तर तासाला साधारण दीड हजार पुस्तके वर चढतात. तीस हजार पुस्तकांच्या वाचनालयाला न थांबता वीस तास लागतील. २०२१ मध्ये चिपळुणात पाणी चढले ते रात्री-पहाटे. त्या वेळी वाचनालयात कोणी नसते, वीज गेलेली असते आणि कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरांत पाणी शिरत असते. म्हणून पुराच्या दिवशी काय उचलायचे हा प्रश्नच त्या दिवसापर्यंत शिल्लक ठेवू नये. जे पुन्हा मिळणार नाही ते बाराही महिने वरच राहिले पाहिजे.

यासाठी मे महिन्यात दोन जाणत्या सभासदांनी आठवडाभर बसून निवड करावी. सुरुवात संदर्भ विभागातून आणि बांधीव नियतकालिकांतून. जुन्या मराठी पुस्तकाबद्दल शंका असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी, तिच्यात १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांच्या नोंदी मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथांच्या संगणकीय प्रती संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, त्यांत ते पुस्तक आहे का तेही बघावे. तिथे असेल तर त्याचा क्रम मागे जातो. लहान गावात अशी निवड साधारण तीनशे ते पाचशे नगांवर थांबते. साडेसहा फुटी, पाच कप्प्यांच्या लोखंडी कपाटात नेहमीच्या आकाराची दोनशे पुस्तके बसतात, म्हणजे दोन-तीन कपाटांचे काम. वृत्तपत्रांच्या मोठ्या फाइली उभ्या ठेवू नयेत, स्वतःच्या वजनाने त्यांची शिवण फाटते. त्या आडव्या, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत, अशा ठेवाव्यात.

कपाट वर नेताना एक चूक हटकून होते. जुन्या घराचे वाचनालय झालेले असते आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबवर भिंतभर रॅक लावले जातात. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. २.२ मीटर उंच रॅकच्या ग्रंथसाठ्याला तोच आकडा ६०० किलो आहे, आणि उंची वाढली की भारही वाढतो. लाकडी तुळयांचा माळा असेल तर प्रश्न आणखी नाजूक. दोन-तीन कपाटे भिंतीलगत, तुळईच्या टोकांजवळ, एकमेकांपासून दूर ठेवली तर बहुतेक माळे ती पेलतात, तरीही स्थापत्य अभियंत्याला एकदा दाखवावे. सगळा ग्रंथसाठा वर नेण्याचा विचार मात्र त्याच्या लेखी मताशिवाय करू नये.

आता खालच्या मजल्याकडे. पाणी दोन प्रकारचे असते. दर दोन-चार वर्षांनी गटार तुंबून येणारे फूट-दोन फुटांचे पाणी, आणि दहा-पंधरा वर्षांनी येणारा महापूर. महापुरापुढे खालच्या मजल्यावर काही टिकत नाही. पण नुकसानाच्या नोंदी चाळल्या तर लहान पाण्यानेच वारंवार घात केलेला दिसतो, आणि त्याला उपाय अगदी साधा आहे. ३० मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक रॅकचे तळाचे दोन कप्पे रिकामे ठेवावेत. जागा नसेल तर तिथे पुन्हा सहज मिळणारी पुस्तके ठेवावीत. जुन्या स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, गेल्या वर्षीची मासिके, तीन-तीन प्रती असलेल्या कादंबऱ्या. आज नेमके उलटे दिसते. जाड, जड आणि कोणी न मागणारे बांधीव खंड तळाशी असतात, कारण ते उचलायला त्रास होतो.

रॅक भिंतीपासून अर्धा फूट पुढे असावा आणि त्याचा पहिला कप्पा जमिनीपासून निदान अर्धा फूट वर. दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्या खालच्या भागात वापरू नयेत. त्या पाणी पिऊन फुगतात, मधेच मोडतात आणि वरच्या कोरड्या पुस्तकांनाही खाली आणतात. पुस्तके ठासून भरू नयेत हेही तितकेच महत्त्वाचे. छापील कागद स्वतःच्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत पाणी शोषतो, जुना हातकागद ऐंशीपर्यंत. गच्च भरलेला कप्पा भिजला की पुस्तके फुगून एकमेकांत अडकतात, लोखंडी रॅकच्या बाजू बाहेर ढकलतात, आणि पुढे ती काढताना पुठ्ठे हातात येतात. तळहात आडवा सरकेल इतकी जागा प्रत्येक कप्प्यात मोकळी हवी.

संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवर ठेवण्याची सवय सगळीकडे आहे. इन्व्हर्टरची बॅटरीही तिथेच असते. दोन्ही टेबलाच्या वर घ्यावीत. सूची संगणकावर असेल, ई-ग्रंथालय किंवा कोहा कुठलीही प्रणाली असो, तिची प्रत दर महिन्याला दुसऱ्या गावात गेली पाहिजे.

दाखल नोंदवहीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मालमत्तेचा खरा दस्तऐवज तोच आहे. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, देयक क्रमांक, वर्गांक आणि निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक संग्रहातून कमी केल्याचा, शेरा एवढे सगळे तिच्यात असते. पुरानंतर पंचनामा, विमा, अनुदानाची तपासणी आणि निर्लेखनाची मंजुरी या सगळ्यांना आधार तिचाच. ती भिजली तर काय गेले हे सिद्धच करता येत नाही. छापील मजकुराची शाई तेलकट असल्याने पाण्यात टिकते, बॉलपेनचीही टिकते. दौतीतली शाई, काही जेल पेनांची आणि रबरी शिक्क्याची शाई पसरते. एखाद्या नोंदवहीची १९६० पूर्वीची पाने निळ्या शाईत असतील तर ती एका रात्रीत कोरी होऊ शकतात. नवी नोंद बॉलपेनने करावी. जुन्या वह्यांची छायाचित्रे याच महिन्यात घ्यावीत. पाचशे पानांची वही दोन माणसे मोबाइलने तीन तासांत उरकतात, फक्त मोबाइल तिपाईवर घट्ट हवा आणि प्रकाश दोन्ही बाजूंनी हवा. पुस्तकाच्या ठरलेल्या गुप्त पानावर दाखल क्रमांक लिहायची जुनी रीत काही ठिकाणी सुटली आहे, ती परत सुरू करावी. पुठ्ठा आणि मुखपृष्ठ वाहून गेलेले पुस्तक त्या एका आकड्यावरून ओळखता येते.

स्थानिक साप्ताहिकांच्या फाइलींचेही तसेच. चार पानी साप्ताहिक वर्षाला २०८ पाने, वीस वर्षांची ४,१६० पाने. तासाला दोनशे पानांचा वेग धरला तर एकवीस तासांचे काम, म्हणजे तीन रविवार. प्रत्येक छायाचित्र चार एमबीचे धरले तरी सगळे मिळून सतरा जीबीच्या आत राहते, बत्तीसच्या पेनड्राइव्हवर सहज मावते. दोन प्रती कराव्यात, एक गावाबाहेर ठेवावी. बांधणीच्या घडीत अक्षरे जात असतील तर फाइल जोर देऊन सपाट करू नये. एका बाजूला उशी देऊन नव्वद अंशांतच उघडावी आणि डावी-उजवी पाने वेगवेगळी टिपावीत.

भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा असतील तर त्या रंगवून तारखेसह कायम ठेवाव्यात. नव्या माणसाला कपाट किती उंचीवर हवे हे सांगायला त्यापेक्षा चांगले साधन नाही. हवामान खात्याने जिल्ह्याला लाल इशारा दिला आणि त्याच सुमारास मोठी भरती असेल, तर आदल्या दिवशी दुपारीच देवघेव बंद करून खालची पुस्तके टेबलांवर व माळ्यावर न्यावीत. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट पंधरा-वीस हाताशी असावेत, एकात तीस-चाळीस पुस्तके बसतात. खोकी वापरू नयेत, ओली झाली की तळ सुटतो.

पाणी ओसरल्यावरचे पहिले ४८ तास फार मोलाचे. पावसाळी दमट हवेत दोन ते तीन दिवसांत बुरशी धरते, आणि एकदा धरली की एकेका पुस्तकाला लागणारी मेहनत कैक पटींनी वाढते. तरीही आत शिरण्याआधी मुख्य वीजखटका बंद करावा. पायात गमबूट, हातात रबरी हातमोजे हवेत. पुराच्या चिखलात सांडपाणी आणि उंदरांचे मूत्र असते. कोकणात लेप्टोची साथ याच दिवसांत येते, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात आधी विचारावे. एकही पुस्तक हलवण्यापूर्वी प्रत्येक रॅकची छायाचित्रे घ्यावीत, पाण्याची रेषा त्यांत दिसली पाहिजे. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा सर्वेक्षकाची भेट होईपर्यंत काहीही रद्दीत देऊ नये. मात्र वाचवण्याचे काम त्यांच्यासाठी थांबवू नये. बाजूला काढलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहीत पुढे जावे.

पुस्तके तीन गटांत वेगळी करावीत. कोरडी किंवा नुसती दमट, ओली पण पुन्हा मिळणारी, आणि ओली पण पुन्हा न मिळणारी. कोरडी पुस्तके लगेच इमारतीबाहेर हलवावीत, कारण ओल्या खोलीत राहून तीही चौथ्या दिवशी बुरशीने भरतात. घाईत हे राहून जाते, आणि पाण्यातून सुटलेली पुस्तके दमट हवेने जातात. दुसऱ्या गटावर वेळ घालवू नये. मन घट्ट करून तो निर्लेखनाच्या यादीत टाकावा. सगळी मेहनत तिसऱ्या गटावर घ्यावी.

चिखल ओला असतानाच काढायचा असतो. तीन-चार टबांत स्वच्छ पाणी घ्यावे, पुस्तक मिटलेले धरून एकातून दुसऱ्यात हलकेच बुडवावे, मऊ स्पंजने बाहेरून टिपावे. उघडून धुऊ नये, घासू नये. हस्तलिखिते, शाईने लिहिलेल्या वह्या आणि चामडी बांधणी यांना टब नाही, त्यांचा चिखल वाळल्यावर मऊ कुंचल्याने झाडावा. भिजलेले पुस्तक दाबून पाणी पिळण्याचा मोह होतो, त्याने मणका, म्हणजे पुस्तकाची शिवलेली बाजू, तुटतो. आपोआप निथळू द्यावे.

मग सुकवणे. सर्वांत मोठी चूक इथे होते. पावसाची उघडीप मिळाली की पुस्तके अंगणात उन्हात मांडतात. उन्हात वरची पाने झटपट आक्रसतात, आत ओल तशीच राहते, पुठ्ठा पळीसारखा वाकतो आणि मणक्यात बुरशी धरते. सावलीत, पंख्याखाली, हवा खेळत्या खोलीतच सुकवावे. पंख्याचा झोत थेट पानांवर नको, भिंतीकडे वळवावा. फार ओले पुस्तक आधी आडवे ठेवून दर दहा पानांनंतर कोरा, शोषणारा कागद घालावा. घातलेल्या कागदांची जाडी पुस्तकाच्या एक तृतीयांशाहून जास्त झाली तर बांधणी फाटते. दर दोन-तीन तासांनी कागद बदलावेत. छापलेली रद्दी वापरू नये, तिची शाई उतरते. निथळणे थांबले की पुस्तक उभे करून पाने पंख्यासारखी किंचित पसरावीत. गालाला लावून थंड वाटले तर ओल बाकी आहे असे समजावे. पूर्ण सुकले की दोन फळ्यांमध्ये हलके वजन ठेवून सपाट करावे. कोकणातल्या जुलैत एका पुस्तकाला आठ-दहा दिवस लागतात. वीस बाय तीस फुटांच्या शाळेच्या वर्गात वाटा सोडून तीनशे पुस्तके मावतात, त्यापेक्षा जास्त नाही.

गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तके आणि छायाचित्रांचे अंक यांना वेगळा नियम. अशी पाने मिटलेली सुकली की एकमेकांना विटेसारखी चिकटतात आणि पुन्हा कधीच सुटत नाहीत. ती ओली असतानाच पानन् पान वेगळे करावे, किंवा सहा-आठ तासांच्या आत गोठवावीत.

गोठवणे हा उपाय आपल्याकडे कोणी फारसा करत नाही. तो करण्यासारखा आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, तिथल्या कामातून भिजलेल्या ग्रंथांच्या दुरुस्तीचे आधुनिक शास्त्र आकाराला आले. पुढच्या दशकांत उणे १८ अंशांखाली गोठवून बुरशी थोपवायची आणि सवडीने थोडी थोडी पुस्तके काढून सुकवायची ही पद्धत रूढ झाली. गोठलेले पुस्तक महिनोन्‌महिने थांबू शकते. आइस्क्रीमवाल्याच्या तीनशे लिटरच्या डीप फ्रीझरमध्ये दोनशे पुस्तके बसतात. एकेक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून, मणका खाली करून, क्रेटमध्ये एकाच थरात ठेवावे. एकदम सगळी भरू नयेत, दिवसाला चाळीस-पन्नास, नाहीतर आतली गोठतच नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात मासळीची शीतगृहे आहेत, पण खाण्याच्या मालाशेजारी चिखलाची पुस्तके कोणी ठेवू देणार नाही आणि देऊही नयेत. बंद पडून असलेली स्वतंत्र खोली किंवा गोठवणारा कंटेनर मिळेल का, हे पावसाआधीच बोलून ठेवावे, आणि ती जागा पूररेषेबाहेरची, जनरेटर असलेली हवी. सांगली-तासगावकडच्या मंडळींनी लक्षात घ्यावे की बेदाण्याची शीतगृहे गोठणबिंदूच्या वरच्या तापमानाला चालतात. तिथे बुरशीचा वेग मंदावतो, ती थांबत नाही. दोन-चार दिवस मिळतात एवढेच.

डांबरगोळ्यांनी कसर दूर राहील, बुरशीला त्यांचा काही उपयोग नाही. डेटॉल, फिनेल, ब्लीच पानांना लावू नये. थायमॉलची, म्हणजे ओव्याच्या सत्त्वाची, धुरी जुन्या दफ्तरखान्यांत देत असत, पण ती माणसाला बाधते. हवाबंद पेटी आणि माहीतगार माणूस नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. वाळलेली बुरशी घराबाहेर, तोंडाला एन-९५ मुखपट्टी लावून, मऊ कुंचल्याने झाडावी. दम्याच्या माणसाला हे काम देऊ नये.

पूर आला नाही तरी कोकणात चार महिने ओल असतेच. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला पुरते, आणि जुलैत ती नव्वदीच्या आसपास असते. काचेच्या दारांची कपाटे कुलूप लावून जूनपासून गणपतीपर्यंत बंद ठेवण्याची पद्धत दुर्मिळ पुस्तकांच्या मुळावर येते. आठवड्यातून दोनदा, पाऊस उघडलेला असताना, दारे उघडून पंखा लावावा. माळ्यावरच्या लोखंडी कपाटालाही हेच लागू, त्याच्या मागच्या पत्र्याला वर-खाली चार-सहा भोके पाडून घ्यावीत. साधा आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो.

विम्याबद्दल दोन गोष्टी. आगीच्या विम्यात पूर-वादळाची जोखीम धरलेली आहे का, हे पॉलिसी उघडून वाचावे. आणि पुस्तकांची किंमत दाखल नोंदवहीतल्या जुन्या आकड्यांवर धरलेली नाही ना, हे पाहावे. १९६५ सालचे सात रुपयांचे पुस्तक सात रुपयांतच मोडले जाते. हस्तलिखिते नेहमीच्या पॉलिसीत वेगळी नमूद केल्याशिवाय धरली जात नाहीत.

पैशाचे म्हणाल, तर लहान वाचनालयांची ओढाताण खरी आहे. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढले तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच ग्रंथपालाचे मानधन, वृत्तपत्रे, वीज आणि नवी पुस्तके. रॅक-कपाटांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून अर्ज करता येतो. पण वर लिहिलेल्या कामांपैकी बहुतेकांना पैशापेक्षा माणसे आणि चार रविवार लागतात. तळाचे कप्पे रिकामे करायला तर काहीच लागत नाही.

पुरानंतर सगळे आवरेपर्यंत वाचनालय बंद ठेवू नये, हीही विनंती. शाळेच्या ओट्यावर दोन टेबले टाकून वृत्तपत्रे ठेवली तरी वाचक जोडलेला राहतो, आणि पाने सुकवायला लागणारे हात त्याच वाचकांतून मिळतात.

आता एक विनंती थेट आपल्याला. सुकवण्यासाठी लागणारा सर्वांत चांगला कागद आपल्याच छपाई केंद्रात असतो. रिळाच्या शेवटी उरणारा कोरा न्यूजप्रिंट. दीडशे पानकागदांच्या एका पुस्तकाला एका वेळी पंधरा तुकडे, पाच वेळा बदलायचे म्हणजे पंचाहत्तर. तीनशे पुस्तकांना साडेबावीस हजार तुकडे. पुस्तकाच्या आकाराचा तुकडा सव्वा ते दीड ग्रॅमचा, म्हणजे सगळा मिळून तीस किलोच्या आसपास कागद. जिल्ह्यातल्या प्रत्येक नदीकाठच्या वाचनालयाला जूनच्या पहिल्या आठवड्यात एवढा कोरा कागद आपल्या वार्ताहरामार्फत पोचवता आला, तर तो प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावरच्या कपाटावर ठेवता येईल. त्या कपाटाची एक किल्ली ग्रंथपालाकडे आणि दुसरी पूररेषेच्या वर राहणाऱ्या एखाद्या सभासदाकडे असावी.

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता,
जि. रत्नागिरी